त्या सारात काय होतं

ही गोष्ट मी आजवर कोणालाच सांगितलेली नाही. नवऱ्याला नाही, जिच्याशी सगळं बोलते त्या मैत्रिणीलाही नाही. उमेदीची सगळी वर्षं वर्तमानपत्रात गेली. खातरजमा केल्याशिवाय एक ओळ छापायची नाही, हे हाडीमांसी भिनलेलं. आणि इथे तर — खातरजमा मी केली होती. अडचण तीच आहे.

आमच्या घरात जपान आणलं सासूबाईंनी. शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या आणि नारायण पेठेत जपानी पुष्परचनेच्या वर्गाला जाऊ लागल्या. वारज्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये टीपॉयवर एक वाळकी फांदी आणि एकच शेवंती दिसू लागली.

"बाकीची फुलं कुठे गेली?" सासऱ्यांनी विचारलं.

"बाकीची मनात धरायची असतात. तुम्ही पेपर वाचा."

त्यांचं बघून मी भाषेच्या वर्गाला नाव घातलं. फुलं त्यांची, भाषा माझी, अशी वाटणी झाली. पुढे जपानला गेलो तेही आम्ही दोघीच.

विमानात आईंनी, सासूबाईंना मी आईच म्हणते, एकच बजावलं. "खाण्याचं तेवढं विचारत जा गं. जीव असलेलं ताटात नको. बाकी माझं काही म्हणणं नाही." सोवळंओवळं त्या मानत नाहीत. हे एक मानतात, आणि जन्मभर पाळलेलं.

मी विचारत गेले. प्रत्येक दुकानात. समोरचा माणूस विचारात पडायचा, मग खेदाने मान हलवायचा. आई हॉटेलवर येऊन भातात मेतकूट कालवायच्या. तक्रार एकदाही नाही. कंटाळले होते मी — अटी सांगणारी ती बाई व्हायला. हे कारण आहे, सबब नव्हे. की फरक नसतोच दोन्हींत?

परतीच्या आदल्या दिवशी आम्ही मुखवट्यांचं एक जुनं नाटक पाहिलं. मुखवटा लाकडाचा, कोरा. नटाने मान जराशी खाली केली, आणि ते लाकूड रडलं. खरंच रडलं. आईंनी माझं मनगट घट्ट धरलं ते पडदा नसलेलं ते रंगपीठ रिकामं होईपर्यंत सोडलं नाही. बाहेर आलो आणि वाट फुटेल तिकडे चालत राहिलो.

तशाच पुढे एका चिंचोळ्या खानावळीत शिरलो. ओट्यामागे एक म्हातारा. त्याने न मागताच दोन झाकणाच्या वाट्या पुढे ठेवल्या. झाकण काढलं. पाण्याइतकं नितळ सार, त्यात टोफूची वडी आणि लिंबासारख्या कुठल्याशा सालीची चकती. वास आला — कसा सांगू? समुद्र, धूर, आणि खूप जुनं लाकूड.

"विचार गं," आई म्हणाल्या.

विचारलं. त्याने सरळ सांगितलं. समुद्रातल्या वनस्पतीचं पाणी, आणि त्यात सुकवून धुरावलेल्या माशाचा कीस, गाळून काढलेला. मला शब्द अन् शब्द कळला. मग माझ्यावरची नजर आईंकडे वळवत तो म्हणाला, थोडं थांबलात तर नुसत्या वनस्पतीचं आणि अळंब्यांचं वेगळं करून देतो.

थोडं थांबायचं होतं. एवढंच.

मी त्याला म्हणाले, नको, राहू द्या. आणि आईंना म्हणाले, "समुद्रातली वनस्पती आहे. घ्या."

अर्धी बातमी. अर्धी खरी असते ना, म्हणून तर ती चालते. मला वाटलं, तो मुखवटा पाहिल्यावर त्यांना हेच मिळावं, हेच, दुसरं नव्हे. ठरवणारी मी कोण?

त्या प्यायल्या. डोळे मिटले. वाटी दोन्ही हातांनी खाली ठेवली आणि म्हाताऱ्याला वाकून नमस्कार केला. "आपण आमटीत इतकी खटपट करतो, ती कशाला गं? हा माणूस पाण्यालाच बोलायला लावतो." त्यांचे डोळे भरले होते. म्हाताऱ्याने उलट नमस्कार केला. माझ्याकडे पाहिलं नाही.

पुण्यात आल्यावर त्यांनी ते सार करायला घेतलं. वनस्पती मागवली, अळंबी मागवली. पाण्याचा कढ, विस्तव, भिजवण्याचा वेळ, सगळं गणितासारखं बदलून पाहिलं. दर वेळी वाटी माझ्यापुढे. "काहीतरी राहतंय."

"छान झालंय की, आई."

"तुला काय, पेपरवाली. चहा गरम असला की झालं तुझं."

मी हसायचे. हसायचे!

कितीतरी महिने त्या करत राहिल्या. मग एकदा घोट घेतला, वाटी ओट्यावर ठेवली आणि म्हणाल्या, "सार बरोबर आहे. माझीच जीभ गेली." त्यानंतर केलं नाही. आता साध्या आमटीचा डावही माझ्यापुढे धरतात. "मीठ बघ गं जरा." ज्या बाईने आयुष्यात कुणाला मीठ विचारलं नाही, ती.

एवढ्या मोठ्या समुद्रातून गाळून निघालेली एक अदृश्य गोष्ट त्या जिभेने एकदा ओळखली आणि पुढे प्रत्येक वाटीत तिची उणीव अचूक दाखवली. मी असली जीभ पाहिलेली नाही. तिला खोटं मी पाडलं.

खरं सांगितलं तर जीभ परत मिळेल आणि जन्मभराचं व्रत जाईल. इतके दिवस हाच हिशेब पुढे करून मी गप्प राहिले. व्रत तर त्याच संध्याकाळी गेलं होतं. वाचवत होते ते स्वतःला.

माझं छापून आलेलं सगळं आई सकाळी सर्वांत आधी वाचतात, हातात पेन्सिल घेऊन. हेही वाचतील.

अहो आई, त्यात मासा होता. मला माहीत होतं. तुमची जीभ बरोबर आहे.