घासागणिक एक स्नायू
बाबांची गिरणी बंद पडल्यावर लालबागच्या खोलीत आई खानावळ चालवायची. आज माझ्या दवाखान्यात फॉर्मेलिनची बाटली उघडली आणि ती दुपार आठवली. मी कॉलेजात मेलेल्या कुत्र्याच्या खुब्याचे स्नायू कापून आले होते. हातांचा फॉर्मेलिनचा वास जाईना, आणि मी मोठ्यानं स्नायू पाठ करत होते.

“वैनी, पोरीला आवरा, नायतर माझं ताट बंद,” खानावळीत रोज जेवणारे तात्या म्हणाले.

“करा बंद. उद्या तिची परीक्षा आहे.”

आईनं मला गॅलरीत बसवून स्वतः भरवलं. “हं, बोल.”

“वरचा लहान, मधला जाड, तळातला पंख्यासारखा सांध्यावर पसरलेला.”

घासागणिक एक. तेव्हा त्या वासाची लाज वाटली होती. आज आई नाही, आणि वासाचं काहीच वाटत नाही.

तात्या परत आले नाहीत. मी पास झाले. आमच्या घरातली पहिली डॉक्टर, जनावरांची.