सीमेवरून बैलाची पारख

म्हसा गावच्या जत्रेत बैलबाजार बघत होतो. पांढऱ्या मिशांच्या एका काकांनी मला थांबवलं आणि माझ्या हातात फोन दिला.

"जरा धरा. पोरगा हाय, सीमेवर असतो."

तेव्हा सीमेवर रोज गोळीबार चालू होता. पडद्यावर वर्दीतला तरुण दिसला, तसा मी उगाचच ताठ उभा राहिलो. काकांनी मात्र दोन्ही हातांनी एका बैलाचा जबडा फाकवला.

"दात दिसतात काय रे?"

"जवळ घ्या ना, बाबा!"

मी फोन जवळ नेला आणि बैलानं तो चाटला. तिकडे पोरगा खदखदून हसला.

"आता चालवून दाखवा!"

मग काका बैल घेऊन पुढे, आणि मी फोन धरून मागे धावलो.

फोन बंद झाल्यावर लाळ पुसत मी विचारलं, "घेणार का बैल?"

"बैल कशाला? घरी ट्रॅक्टर हाय. कसा हायस विचारलं, का 'बरा हाय' बोलून फोन ठेवून देतो. बैल दाखवला का अर्धा तास बोलतो."

बैलाचा मालक शेजारीच उभा होता. मला वाटलं, आता भांडण होणार. तो काकांच्या हातून कासरा घेत हळूच म्हणाला,

"उद्या पण या. दुसरा जरा शांत हाय."