बर्फाजवळची जागा

अकोल्याच्या मंडईत व्हॅनचं दार उघडलं आणि केळी काळी निघाली. ती धामणगाव बढ्याच्या उकर्डाभाऊंची. पिकत आलेले ते घड बर्फाच्या लादीला टेकवून रचायला मीच लावलं होतं. गार जागेत सगळंच टिकतं, असा माझा समज. केळ्याला थंडी बाधते हे सगळ्या मोताळा तालुक्याला ठाऊक होतं, फक्त व्हॅन-सुपरवायझरला, म्हणजे मला, नव्हतं.

उकर्डाभाऊ भले माणूस. एवढंच म्हणाले, "बाबूजी, केयाले थंडी वाजते. शायेत नाही शिकवलं काय तुमाले?"

राज्य नवं होतं, व्हॅन नवी होती आणि नोकरीत मीही नवा. कागदोपत्री गाडीचं नाव 'रेफ्रिजरेटेड व्हॅन'. खरं म्हणजे ती चाकांवरची बर्फाची पेटी. दुहेरी पत्र्याच्या भिंती, मधे लाकडाचा भुसा, ड्रायव्हरच्या पाठीशी बर्फाच्या लाद्या आणि दार मागे. मशिनरी म्हणाल तर एवढीच. आमच्या दूध संघाचं लोणी तिच्यातून अकोल्याला जायचं. उन्हाळ्यात दूध आटलं, लोण्याचे डबे निम्म्यावर आले आणि मॅनेजर कोल्हेसाहेबांनी मला बोलावलं.

"अर्धी गाडी हवा वाहून नेते. पंधरा दिवसांत भरून दाखवा, नाहीतर गाडी दुसऱ्या रूटला जाईल. मग लोणी एसटीच्या टपावर न्या."

एसटीच्या टपावर, वैशाखात, लोणी. ते मला डोळ्यांसमोर दिसलंच.

पहिला प्रयोग केळ्यांचा, तो वर सांगितलाच. मग उरलेली जागा मी भाजीवाल्यांना देऊ केली. पालक, मेथी आणि सांबार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, बैलगाडीत दुपारपर्यंत मान टाकायची. त्यामुळे माणसं आली. उकर्डाभाऊही आले, या खेपेला सांबार घेऊन. पण गाडी भरण्याचा एक नियम असतो. जे आधी आत जातं, ते शेवटी बाहेर येतं. बर्फाजवळचा माल ताजा राहतो, पण मंडईत सगळ्यात मागून उतरतो, तोवर चांगली गिऱ्हाइकं निघून गेलेली. दाराजवळचा आधी उतरतो, पण थोडा सुकतो. प्रत्येकाला भरताना बर्फ हवा आणि उतरवताना दार. मी रात्रभर बसून जागांचा नकाशा काढला, नावांच्या अक्षरक्रमानं. उकर्डाभाऊंचं 'उ' पुढे बर्फाशी, पार्वताबाईंचं 'पा' मागे दाराशी. नकाशा वाचून दाखवला तेवढ्यात चौघं माझ्यावर आणि दोघं एकमेकांवर उठले.

पंधराव्या दिवशी सकाळी साहेब येणार होते. व्हॅनसमोर बैलगाड्यांची रांग, आणि एकही टोपली आत जाईना. लाद्यांचं पाणी चाकांवर ठिबकत होतं. ड्रायव्हर रहीमभाई बिडी विझवून म्हणाला, "बर्फ तुमच्या भांडणासाठी थांबून राह्यला काय?"

तेव्हा पार्वताबाई गाडीवरून उतरल्या. विधवा बाई, दोन एकरांत भाजी करायच्या. त्यांनी थेट उकर्डाभाऊंना विचारलं,

"भाऊ, तुमच्या सामायिक विहिरीवर चौघा भावांचं पाणी कसं चालते?"

"पाळीनं."

"विहीर एक, भाऊ चार, तरी कोनाचं डोकं फुटलं नाही. मंग या डब्यात काऊन भांडून राह्यले? आज माह्या टोपल्या बर्फाजवळ घ्या. परवाच्या खेपेला दाराजवळ."

ज्या माणसांनी पाण्याच्या पाळीवर जन्म काढला, त्यांना यात समजावण्यासारखं काही नव्हतं. उकर्डाभाऊंनीच पहिली टोपली उचलून आत दिली, पार्वताबाईंची. दहा मिनिटांत गाडी भरली.

कोल्हेसाहेब आले ते आंब्याची करंडी घेऊन, अकोल्याच्या मेहुण्याला पाठवायला. आत वीतभर जागा नव्हती. उकर्डाभाऊंनी त्यांना अदबीनं सांगितलं, "साहेब, नंबर लावा. पुढच्या सोमवारी बसते तुमची पाळी." साहेबांनी करंडी परत नेली आणि गाडी आमच्याच रूटवर ठेवली.

मी शिकलो ते एवढंच: नकाशा काढण्याआधी, ज्यांना त्यात बसायचं आहे त्यांना विचारावं. रात्रीची झोप वाचते.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. पार्वताबाईंचा भाग थोडा आखडता घेतला, माझा थोडा लांबवला. तिनं शांतपणे ऐकून घेतलं, रिकामी घागर माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "चांगली पद्धत हाय. आपल्या घरीबी पाणी आनायची पाळी लावू. आज तुमची."