बाबांनी पाहिलेली मिरचीची शेती

लॉकडाउनमध्ये हॉल बंद झाले तेव्हा आमच्या फिल्म क्लबने सिनेमे ऑनलाइन दाखवायला सुरुवात केली. शनिवारी दुपारी लिंक यायची. आपापल्या घरी सिनेमा बघायचा आणि संपल्यावर स्क्रीनवरच चर्चा. त्या शनिवारी कोरियातून परदेशात जाऊन शेती करणाऱ्या एका कुटुंबाचा सिनेमा होता. परळच्या आमच्या खोलीत वेगळं बसायला जागा नाही, म्हणून मी लॅपटॉप स्टुलावर ठेवला आणि कॉटवर पडलेले बाबाही बघायला लागले.

बाबांच्या किडन्या निकामी झाल्या होत्या. एक दिवसाआड डायलिसिस. पाणी मोजकंच प्यायचं, फारच तहान लागली तर बर्फाचा खडा. तरुणपणी ते मालवणकडून गिरणीत कामाला आले होते. "पुढच्या वर्षी गावाक जावया," हे मी लहानपणापासून ऐकत आले. आई लालबागची. लग्नानंतर तिने गाव पाहिलं आणि तिथे राहायचं नाही हे तेव्हाच ठरवलं.

सिनेमातल्या माणसाने परक्या मुलखात ओसाड जमीन घेतली आणि कोरियातली मिरची लावली. बायको कारखान्यात राबायची आणि शहरात परत जाऊ म्हणायची. त्यांची भांडणं मी मराठीत सांगत होते.

आई मेथी निवडत होती. म्हणाली, "बरोबर बोलतेय ती. दवाखाना तरी आहे का तिथे?"

"गप रव," बाबा म्हणाले. "झाडा कशी धरली हत बघ."

मग भर उन्हात तो माणूस पाइप तोंडाला लावून घटाघट पाणी प्यायला. बाबा एकटक बघत राहिले. आईने उठून त्यांना बर्फ दिला. तो त्यांच्या मुठीतच वितळला, चादर ओली झाली.

शेवटी हिमाने सगळं पीक काळं पडलं. माणूस वाफ्यात बसून राहिला, बायको येऊन शेजारी बसली आणि सिनेमा संपला.

चर्चेत एकीने प्रकाशाचं कौतुक केलं. चर्चा चालवणारे सर म्हणाले, "मुळात ही आशेची गोष्ट आहे."

"आशा खय दिसली तुमका?"

माझा माइक चालू होता. चौकटींमधले सगळे चेहरे थबकले. बाबा कोपरावर उठले होते. "पीक मेला. आता ह्यो माणूस काय करतलो?"

सर हसले. "काकांनी छान मुद्दा मांडला," म्हणाले आणि पुढच्या माणसाकडे वळले. बाबांनी तेच पुन्हा विचारलं. मी लॅपटॉप बंद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते म्हणाले, "माका एकदा गावाक न्हे गो. चार काजू लावतंय आणि परत येतंय."

डॉक्टर म्हणाले, "न्या, पण तिकडे डायलिसिसची सोय करून मगच." गावाजवळच्या सेंटरला मी फोन केला. जागा नव्हती. "एखादी रिकामी झाली की कळवू," तिथली बाई म्हणाली. रिकामी कशी होते, ते बाबांना माहीत होतं.

मग त्यांनी स्वतः गावी चुलतभावाला फोन लावला. तो समजुतीने बोलत होता. "दादा, तुमच्या जमिनीत आता पाय ठेवूक जागा नाय. रान माजला. लावलेला माकडां ठेवणत नाय. कित्याक येतास?"

"बरा," बाबा म्हणाले आणि फोन आईकडे दिला.

त्यानंतर त्यांनी गावाचं नाव काढलं नाही. आईला ते सोसवेना. जन्मभर नाही म्हणणारी ती, एक दिवस त्यांचे पाय चेपता चेपता स्वतःच म्हणाली, "अहो, गणपतीला जाऊया का गावाला? मी येते. गाडी करू."

"नको," ते म्हणाले. "तुका जमाचा नाय."

"जमेल हो मला."

त्यांनी डोळे मिटून घेतले.

गणपती आले आणि गेले. थंडी सुरू झाली तेव्हा डायलिसिस चालू असतानाच त्यांचा रक्तदाब उतरला, तो पुन्हा चढला नाही. अस्थी गावच्या नदीत सोडाव्यात असं मला वाटत होतं. मी आईला तसं म्हटलं.

"तिकडे कोण आहे आता?" ती म्हणाली.

दादरच्या चौपाटीवर सोडल्या.