पयलेपासून सांग

माझे बाबा यवतमाळात पोलिसात होते, गुन्हे शाखेत. एका हरवलेल्या पोरीचा तपास त्यांच्याकडून लागला नाही, आणि त्यांनी मुदतीआधीच नोकरी सोडली. तेव्हापासून ते खिडकीपाशी बसून असतात. नातेवाईक येतात, चहा पितात, "लय मनाले लावून घेतलं बिचाऱ्यानं" म्हणतात आणि जातात. आईला बिचारी म्हणताना मी कुणाला ऐकलं नाही.

नोकरी सुटली तरी चौकशी सुटली नाही, ती घरात आली. आई भाजी आणायला गेली तरी परत आल्यावर उलटतपासणी. कुठी गेलती? कोन भेटलं? मंग एवढा टाइम काहून लागला? सगळं सांगून झालं की, "आता पयलेपासून सांग." दुसऱ्या खेपेला मेथीची पालक झाली तर बाईची खैर नाही.

गेल्या उन्हाळ्यात आर्णीच्या मावशीचं ऑपरेशन झालं. तिच्याजवळ बसायला कुणी नव्हतं. आई रोज जाऊ का म्हणून विचारायची, आणि बाबा रोज विचारायचे की तिथं आणखी कोण कोण येणार आहे. आईची पिशवी भरलेली, कपाटाआड तशीच पडून होती. माझं डोकं फिरलं होतं.

त्या रविवारी दुपारी मी मुद्दाम टीव्हीवर एक सिनेमा लावला. नोकरी सोडलेला डिटेक्टिव्ह, जुन्या केसने पोखरलेला, बायकोला जीव नकोसा करणारा. म्हटलं, आता तरी यांना स्वतःचं तोंड दिसेल.

दिसलं की! बाबा पुढे सरकून बसले. सिनेमातली बायको बॅग उचलून निघून गेली, हिरो रिकाम्या घरात पीत बसला, मागे व्हायोलिन कुंथायला लागलं, आणि बाबांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. तेही स्वतःसाठी!

"पाय, किती एकटा पडला थो," ते मला म्हणाले. "बायकोनं समजून घ्याले पायजे होतं."

संतापाने माझे कान तापले. अख्ख्या सिनेमात त्या बाईच्या तोंडी धड चार वाक्यं नव्हती. सिनेमा काढणाऱ्यालाही तिच्याशी काही देणंघेणं नव्हतं. छळायचं त्याने, सोसायचं तिने, आणि आपण हळहळायचं ते त्याच्यासाठी. कसली ही रीत!

मी तोंड उघडणार तेवढ्यात आई आतून आली. हातात ती पिशवी. तिने चप्पल पायात घातली. बाबांनी डोळे पुसले आणि त्यांचा आवाज लगेच ठाण्यातला झाला.

"कुठी चालली?"

आई सवयीने थांबली. मला वाटलं, संपलं, आता ही पयलेपासून सांगत बसणार.

"तुमी पोलिसात होते ना?" आई म्हणाली. "लावा तपास."