अकरा फुल्या आणि एक सही

आधी एक कबुली देऊन टाकते, म्हणजे पुढे लिहायला हात मोकळा होईल. वयाच्या चोविसाव्या वर्षी मी एका पंचनाम्यावर न वाचता सही केली.

शेजारच्या कुसुमवहिनी भाजून गेल्या होत्या. बाईचा देह, म्हणून पंच म्हणून दोन बायका हव्या होत्या. एक गजराआक्का, त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यांनी अंगठा उठवला. दुसरी मी, प्राथमिक शाळेतली नवी कोरी मास्तरीण. हवालदार म्हणाले, "बाई, तुम्ही शिकलेल्या. पहिली सही तुमची." झालं! लग्नानंतरच्या नव्या नावाची सही मी महिनाभर जुन्या वह्यांवर घोटत होते. शेवटच्या अक्षराला मोराच्या तुऱ्यासारखा फराटा होता. तो नीट उमटतो की नाही, एवढीच त्या शहाणीला काळजी. वर काय लिहिलंय ते वाचायला बाईसाहेबांना सवड कुठली! स्टोव्हचा भडका, अपघात, भाजल्याखेरीज अंगावर दुसरी खूण नाही, असं लिहिलं होतं. ते मला नंतर कळलं.

पंचेचाळीस वर्षांनी, मी आयर्लंडला लेकीकडे निघायच्या आठवड्यात, कुसुमवहिनींच्या मुलीचा, सुलभाचा, फोनवर निरोप आला. ती तेव्हा सहा वर्षांची, माझ्याच वर्गात. "बाई, अण्णा गेले. त्यांच्या फोटोला हार घालताना माझा हात थांबतो. तेव्हा तुम्ही पंच होतात. आईच्या अंगावर तुम्ही काय पाहिलंत?"

अण्णा म्हणजे तिचे वडील, कुसुमवहिनींचे यजमान. मी फोन पर्सच्या तळाशी, लाडवांच्या डब्याखाली सरकवला आणि विमानात जाऊन बसले.

कॉर्कला पाऊस पडत नाही, तो तिथे राहतोच. आपण जातो आणि त्याच्या घरी पाहुणे होतो. माझी लेक मधुरा एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत आहे. तिच्या घरात उबेला बसून मी पहिला आठवडा काढला. डाळ-तांदळाच्या डब्यांसाठी ती 'प्रेस'मध्ये (कपाटात) हात घालायची आणि मी उगीचच म्हणायचे, "अगं, इस्त्री कुठेय?" चौथ्यांदा ती हसली नाही.

मला खुनाच्या गोष्टींची आवड. मधुराच्या बरोबर काम करणाऱ्या नोराला ते कळलं. नोरा पन्नाशीची, ठणठणीत, बोलताना डोळे बारीक करणारी. तिचं माहेर पश्चिमेला, दोन तासांवरच्या खेड्यात. तिथल्या गावसभागृहात कॉरोनरच्या (अवचित मेलेल्यांची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या) दीडेकशे वर्षांपूर्वीच्या कागदांच्या प्रती आहेत, आणि दर शनिवारी गावातली चार माणसं बसून त्या स्वच्छ अक्षरात उतरवतात. "आमची जुनी मढी बघायला येता का?" नोरानं विचारलं. हळदीकुंकवाचं बोलावणं यावं तशी मी खूश झाले.

शनिवारी निघालो. साडीवर मधुराचा रेनकोट, पायात तिचेच गमबूट. आरशात पाहिलं तर भात लावायला निघालेली परदेशी बाई. शहर संपलं तसे रस्ते अरुंद झाले. दोन्ही बाजूंना काटेरी झुडपांचे बांध, त्यापलीकडे हिरवंगार, आणि त्या हिरव्यावर छप्पर नसलेली दगडी घरं. उपासमारीच्या काळात रिकामी झालेली, मधुरा म्हणाली. एकात गायी उभ्या होत्या. चुलीच्या जागेतून एक झाड वर आलं होतं.

"आई, सुलभाताईला उत्तर दिलंस का?" मधुरानं रस्त्यावरची नजर न काढता विचारलं. निरोप तिनं माझा फोन चार्ज करताना वाचला होता.

"नेटवर्क कुठे मिळतंय मेलं."

"आई, इथे गायींनासुद्धा नेटवर्क आहे."

मी खिडकीबाहेर बघत राहिले.

सभागृहात एक लांब टेबल, एक हीटर आणि ओल्या लोकरीचा वास. नोराच्या आईनं घरचा काळपट, जाड पाव आणला होता, त्यावर बोटभर लोणी. मला खोकला आला तर तिनं 'हॉट व्हिस्की' पुढे केली (गरम पाणी, लिंबू, साखर, लवंगा आणि जिच्यावरून नाव पडलं ती). "काढा दिसतोय," असं म्हणून मी निरागसपणे प्याले. मधुरानं डोळे वटारले. मी आणखी एकदा खोकले.

मग कागद वाचायला लागलो आणि माझा खोकला थांबला.

मला वाटलं होतं, रंगीत खून असतील, गुप्तहेर असतील. तसं काही नव्हतं. बाजाराच्या दिवशी दोन घराण्यांत काठ्या चालल्या, एकाची कवटी फुटली. कोणी फोडली ते पन्नास जणांत कोणीच पाहिलं नाही. गाडीच्या चाकाखाली आलेला मजूर. दलदलीच्या खड्ड्यात सापडलेलं, नाव नसलेलं तान्हं बाळ. खोऱ्यातल्या हवेसारखी हिंसा सगळीकडे होती आणि कोणाच्याच हातून झाली नव्हती. चौकशी कुठे व्हायची, तर पबमध्ये. गावात थंड खोली असलेली तेवढीच जागा. प्रेत मागच्या खोलीत, दाराच्या फळीवर. बारा शेजारी पंच म्हणून धरून आणायचे, त्यांनी प्रेत डोळ्यांनी बघायचं, साक्षी ऐकायच्या आणि कागदावर सही करायची.

"म्हणजे पंचनामा!" मी म्हणाले. जीभ नको तिथे वळवळते माझी.

नोरानं एक प्रत माझ्यापुढे सरकवली. ब्रिजिट नावाची शेतकऱ्याची बायको. शिडीवरून पडली, असं नवऱ्याचं म्हणणं. डॉक्टरनं गळ्यावर बोटांचे ठसे असल्याचं सांगितलेलं. आणि तरी खाली निर्णय असा की मरण देवाच्या इच्छेनं आलं. त्याखाली अकरा फुल्या. लिहिता न येणाऱ्या अकरा माणसांनी काढलेल्या, वाकड्यातिकड्या. आणि सगळ्यांत वर एक सही. सुरेख, ठसठशीत, शेवटच्या अक्षराला लांबलचक फराटा.

मी त्या फराट्यावर बोट ठेवलं.

"हा कोण?" मी विचारलं.

"माझ्या पणजीचे वडील," नोरा म्हणाली. "गावचे चांभार. पलीकडच्या गावच्या पाद्र्याकडे लिहायला शिकलेले. आमच्या घरात त्यांचं अक्षर फार वाखाणायचे. फक्त माझी पणजी वाखाणत नसे. ती म्हणायची, त्या अकरा जणांना मी माफ केलं, त्यांना वाचून दाखवलं तेवढंच कळलं. बापाला वाचता येत होतं."

बाहेर पाऊस होता तसाच होता. नोराची आई लोणी लावत होती. मी चष्मा काढून पुसला, आणि पुसतच राहिले.

"आई?" मधुरा म्हणाली.

"गजराआक्कांनी कुसुमवहिनींचा अंबाडा बाजूला केला होता," मी मराठीत म्हणाले. "मानेवर, केसांखाली, तेवढंच भाजलं नव्हतं. चार बोटं होती. निळी. पाचवं बोट पुढच्या बाजूला असणार, तिथं काही उरलंच नव्हतं. आक्कांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघितलं. आणि मग मी हवालदारांना म्हणाले, शाई पातळ आहे हो तुमची."

मधुरानं हातातला पाव खाली ठेवला. "तू तर नेहमी सांगतेस, वाचलं नव्हतंस म्हणून."

"वाचलं नव्हतंच. पाहिलं होतं."

इतकी वर्षं मी 'न वाचता सही केली' हा किस्सा हळदीकुंकवाला, सहलीला, स्टाफरूममध्ये सांगत आले. स्वतःची टर उडवायची, बायका हसायच्या. वेंधळेपणा कबूल करायला सोपा असतो, त्याला कोणी शिक्षा देत नाही.

निघताना नोरा आम्हाला त्या पबमागच्या खोलीपर्यंत घेऊन गेली. आता तिथे बीअरची पिंपं आणि मोडक्या खुर्च्या आहेत. दारात मी गमबूट काढायला लागले आणि एका पायावर तोल जाऊन पिंपावर आदळले. आतून एकानं ओरडून विचारलं, काय झालं? "सगळं ग्रँड आहे (झकास)," नोरा म्हणाली. मी ओल्या मोज्यांनी आत जाऊन उभी राहिले. ब्रिजिटच्या मुलाबाळांबद्दल कागदात एक ओळ नव्हती. तिला कोणी विचारणारं होतं की नाही, कोण जाणे. कुसुमवहिनींना होतं. आणि त्या विचारणारीला मी लाडवांच्या डब्याखाली ठेवलं होतं.

परतीच्या वाटेवर मी सुलभाला उत्तर पाठवलं: "फोनवर सांगत नाही. महिन्याभरात येते, समोर बसून सांगते." गायींच्या कृपेनं ते लगेच पोचलं. तिनं 'बरं' एवढंच लिहिलं. राहिलेला महिना मी प्रेसची चेष्टा केली नाही.

मायदेशी उतरल्यावर तिसऱ्या दिवशी सुलभाकडे गेले. एकावन्न वर्षांची बाई, पण दार उघडलं ते सहा वर्षांच्या मुलीनं. भिंतीवर अण्णांचा फोटो, हार नव्हता. खुर्चीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेला पडला होता. मी चहा नको म्हणाले. अंबाडा, चार बोटं, गजराआक्कांची नजर, शाई, सगळं सांगितलं. माझी बाजू सावरणारं एक वाक्य ओठांवर आलं होतं, ते गिळलं.

सुलभा म्हणाली, "मी दारात उभी होते बाई. मी सगळ्यांना सांगितलं, अण्णांनी आईची मान धरली होती. आत्या म्हणाली, पोरीला स्वप्न पडलं. पुढे सगळे मला खोटारडी म्हणायला लागले. मलाही तसंच वाटायला लागलं होतं."

मी "माफ कर" म्हणाले. ते किती लहान वाटलं ते लिहिता येत नाही. ती उठली, आतून फुलस्केप कागद आणि पेन घेऊन आली, माझ्यापुढे ठेवलं आणि समोर बसली. वर्गात मी बसायचे तशी, ताठ.

"हे सगळं लिहून द्या, बाई. आणि या वेळी सही करायच्या आधी मोठ्यानं वाचून दाखवा."