कार्डाचं मॅचिंग

"तुलेबी आराम होईल," असं नवरा म्हणाला, तेव्हाच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, माझ्या आरामाची काळजी या माणसाने कधी केली नव्हती.

मेहकरला आमचा फोटो स्टुडिओ. लग्नाचं शूटिंग तो करायचा आणि मिक्सिंग मी. मिक्सिंग म्हणजे शूटिंगची काटछाट करायची, गाणी टाकायची, नवरीच्या डोक्यावर गुलाबाच्या पाकळ्या पाडायच्या. हे सगळं मी कुठल्याही क्लासला न जाता, चुकतमाकत शिकले होते. कॉम्प्युटरसमोरच्या त्या खुर्चीत बसले की मला कुणी चहा टाक म्हणत नसे. सासूबाईसुद्धा दारातून हळूच विचारायच्या, "काम चालू हाय का?" ती खुर्ची गेली असती तर मी पुन्हा नुसती घरातली सून झाले असते, आणि त्याची मला खरोखर भीती वाटत होती.

झालं होतं असं, की सीडीचे दिवस संपले, लोक पेनड्राइव्हवर स्वच्छ चित्र मागायला लागले आणि आमचा कंपनीकडून जोडून आलेला कॉम्प्युटर धापा टाकायला लागला. पाकळ्या हवेतच थांबायच्या, त्यांच्याबरोबर नवरीही थांबायची. ग्राफिक कार्ड टाकलं की हे जातं असं मी ऐकून होते. नवऱ्याने बुलढाण्याच्या एका दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, तुमच्या डब्यात, म्हणजे सीपीयूत, कार्ड बसतच नाही, मिक्सिंग आमच्याकडे पाठवत जा. या दुकानदाराचं खाली सुट्या भागांचं दुकान आणि वरच्या मजल्यावर मिक्सिंगची लॅब. डबा न बघताच बसत नाही म्हणणाऱ्याला ते बसवायचंच नाही, एवढं मला कळत होतं.

"तुळशीच्या लग्नापर्यंत पाहू," नवरा म्हणाला. "नाही जमलं तर मिक्सिंग देऊन टाकू त्याले. तुलेबी आराम होईल."

"मी जाते बुलढाण्याले," मी म्हटलं. "डबा घेऊन."

"डबा काऊन नेतं? त्याचा फोटो पाठवतो ना मी."

ब्लाउजपीस घ्यायला जाताना मी साडीचा फोटो नेत नाही, साडीच नेते. आणि दुकानातल्या ट्यूबलाइटवर विश्वास न ठेवता पायरीवर उन्हात येऊन रंग लावून बघते. कार्डाचंही मॅचिंग तसंच करायचं मी ठरवलं होतं.

डबा काढताना मागच्या वायरींचा प्रश्न होता. मागे एकदा दसऱ्याच्या साफसफाईत नवऱ्याने वायरी काढल्या आणि भलत्याच ठिकाणी लावल्या. दिवसभर आवाज आला नाही, आणि वर मलाच म्हणे तूच काहीतरी दाबलं. तेव्हापासून मी त्याला त्या बाजूला फिरकू देत नसे. मी टिकल्यांचं पाकीट घेतलं. मॉनिटरच्या वायरीला लाल टिकली आणि ती जिथे लागते तिथे डब्यावर लाल टिकली. कीबोर्डला हिरवी, माउसला पिवळी, स्पीकरला चॉकलेटी. मग वायरी घरीच ठेवून नुसता डबा चादरीत बांधला, एसटीत मांडीवर घेतला आणि चिखलीच्या स्टँडवर चहा प्यायलासुद्धा उतरले नाही.

दुकानदाराने डब्याच्या मागच्या टिकल्या पाहिल्या आणि हसला. "भाभी, याचं लग्न लावायचं आहे का?"

"कार्ड लावायचं आहे," मी म्हटलं. "बसत नाही ते बसवून दाखवा."

त्याने मुद्दाम एक लांबलचक कार्ड आणलं. ते आत जाईना. "बघा, मी म्हटलं नव्हतं?" मी म्हटलं, दुसरं आणा, आखूड. मग म्हणाला, डब्याची उंची कमी आहे, कार्डाची मागची लोखंडी पट्टी बसणार नाही. मी विचारलं, पट्टी बदलता येते का? ते त्याला नाही म्हणता येईना. मग म्हणाला, तुमच्या पॉवर सप्लायला जोर नाही, कार्डाला वेगळी वायर लागते. मी विचारलं, वेगळी वायर न लागणारं कार्ड निघतच नाही का? त्याने वरच्या मजल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि काउंटरखालून एक बुटकं कार्ड काढलं. पट्टी बदलून ते मुकाट्याने बसवलं. मी त्याच्याच मॉनिटरवर, त्याच्याच वायरीने आमच्याकडच्या एका लग्नाची पाठवणी चालवून पाहिली. पाकळ्या न थांबता खाली पडल्या. तरी डबा बंद करायला त्याच्याकडे देण्याआधी मी पर्समधली नेलपॉलिश काढली आणि त्याच्यासमोर कार्डाच्या कोपऱ्यावर ठिपका दिला. त्याने डबा बंद करून दिला.

नवरा स्टँडवर न्यायला आला होता. घरी येताच मी टिकलीला टिकली जुळवत एकेक वायर लावली. तो दाराशी खुर्ची टाकून बघत बसला. मी बटण दाबलं. आतला पंखा फिरला, दिवा लागला, पण मॉनिटर काळाच.

डबा उघडला. नेलपॉलिशचा ठिपका होता तिथेच. म्हणजे दुकानदाराने कार्ड बदललं नव्हतं, आणि याचा मला आनंद व्हायच्या ऐवजी राग आला, कारण आता संशय घ्यायला घरातलंच माणूस उरलं. तेवढ्यात नवऱ्याचा फोन वाजला आणि तो बाहेर जाऊन हळू आवाजात बोलायला लागला. माझं डोकंच फिरलं. दुकानातल्यासारखं एकदा सगळं नीट आठवू म्हणून मी मागे वाकले. तिथे दुकानदाराने वायर नव्या कार्डाच्या पट्टीत लावली होती. मी लावली होती जुन्या जागेवर, लाल टिकली होती तिथे. नवं कार्ड बसल्यावर ती जागा बंद पडलेली. नव्या जागेला टिकली नव्हतीच, असणार कशी?

वायर बदलली. मॉनिटर उजळला आणि पाकळ्या पडायला लागल्या. मी खुर्चीत बसले आणि मला रडू आलं.

नवरा आत आला. मी विचारलं, "मी वायर चुकीच्या जागी लावली ते तुमाले दिसलं होतं का?"

"हाव. दिसलं होतं."

"मंग सांगितलं काऊन नाही?"

"तू मले मागं हात लावू देतं का? बोललो असतो तं म्हणाली असती, तुमाले काय समजते."

खरंच म्हणाले असते. पण फोन कुणाचा होता हे मी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. तो माझ्या तोंडाला घाबरून गप्प बसला की काम बुलढाण्याला जाईल या आशेने, हे मला आजही माहीत नाही. मिक्सिंग मात्र त्या मोसमात घरीच झालं, आणि पुढेही.

त्या संध्याकाळी मी टिकल्यांचं पाकीट त्याच्या हातात दिलं आणि डब्याची मागची बाजू त्याच्याकडे वळवली.

"लावा नव्या जागेले," मी म्हटलं. "पण माह्यासमोर."